बिनीवाल्यांची थडगी

अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या जुन्या गावांत एक 'पायोनियर सिमेट्री' हमखास असते. गावाबाहेरच्या उंचवट्यावर, कुंपणाच्या आत, पाच-पन्नास किंवा पाच-सातशे थडगी. फाटकावर पाटी, पाटीवर सन. कादंबऱ्यांत, आठवणींत, प्रवासवर्णनांत ती पुन्हा पुन्हा भेटते, आणि आपल्या भाषांत अनुवाद करणाऱ्यांना तिच्यासाठी शब्द शोधावा लागतो. मराठीत सहसा 'आद्य वसाहतकारांची दफनभूमी' असे म्हणून काम भागवले जाते. कोणी 'अग्रणींची' म्हणतो, कोणी 'पथप्रवर्तकांची'. माझे म्हणणे सरळ आहे: हे तिन्ही अनुवाद खोटे आहेत, आणि त्यांतला खोटेपणा निरुपद्रवी नाही.

'आद्य' म्हणजे सर्वांच्या आधीचा. ज्या जमिनीत या लोकांना पुरले ती जमीन त्यांच्या आधी रिकामी होती, तिथे कोणी जगले नव्हते आणि मेले नव्हते, हे या एका विशेषणात गृहीत धरलेले असते. इंग्रजी पाटी लिहिणाऱ्याला तसे गृहीत धरण्यात फायदा होता. घर, खाण, गाव, सगळे त्या गृहीतकावर उभे होते. मराठी अनुवादकाला त्यात कोणताच फायदा नाही. तरीही तो त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करून मोकळा होतो. एका अनुवादात मी 'आद्य' टाळले होते. संपादकांनी ते परत घातले. वाचक अडखळतो, असे कारण मिळाले. या शब्दापाशी वाचकाने अडखळावे अशी माझी इच्छा आहे, आणि का ते सांगण्यासाठी एकच गाव घेते.

दक्षिण डकोटा राज्यातल्या ब्लॅक हिल्स या डोंगराळ प्रदेशात डेडवुड नावाचे गाव आहे. त्याच नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे ते आपल्याकडेही पुष्कळांना माहीत आहे. एका अरुंद दरीत १८७६ मध्ये सोन्याच्या हव्यासाने ते वसले. वर टेकडीवर माउंट मोराया ही त्याची दफनभूमी आहे. वाइल्ड बिल हिकॉक तिथे आहे, शेजारी कॅलॅमिटी जेन आहे, त्याहून वर गावाचा पहिला शेरीफ सेथ बुलक आहे. फाटकाशी माफक शुल्क भरून आत जाता येते.

आता नावापासूनच सुरुवात करू. 'ब्लॅक हिल्स' हे नाव गोऱ्यांनी दिलेले नाही. ते लाकोटा लोकांच्या 'पाहा सापा' या नावाचे शब्दशः भाषांतर आहे. काळ्या टेकड्या. दुरून पाहिले तर पाइनच्या दाट झाडीमुळे त्या काळ्या दिसतात, म्हणून. म्हणजे या प्रदेशात आलेल्या 'आद्यां'ना प्रदेशाचे नाव आयते मिळाले, आणि त्यांनी ते भाषांतर करून वापरले. अनुवादकाने इथेच सावध व्हायला हवे. ज्या जागेला आधीपासून नाव आहे, आणि ते नाव तुम्ही उचलून आपल्या भाषेत आणले आहे, तिथे तुम्ही पहिले कसे?

पुढचा पुरावा खुद्द अमेरिकी सरकारचा आहे. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहाने हा सगळा प्रदेश सू लोकांच्या (लाकोटा हे त्यांतलेच) राखीव भूमीत धरला होता. त्यांच्या परवानगीशिवाय तिथे वस्ती करायला, एवढेच काय, त्यातून जायलाही गोऱ्यांना मनाई होती. जमीन सोडायची झालीच तर प्रौढ पुरुषांपैकी किमान तीन चतुर्थांशांच्या सह्या लागतील, हेही त्याच तहात लिहिलेले होते. १८७४ च्या उन्हाळ्यात कस्टर हा लष्करी अधिकारी सुमारे हजार माणसे घेऊन या टेकड्यांत शिरला आणि सोने सापडल्याची बातमी बाहेर आली. खाणवाल्यांचे लोंढे सुरू झाले. प्रथम लष्कराने त्यांना हुसकून लावण्याचे सोपस्कार केले. मग नोव्हेंबर १८७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी निकटच्या अधिकाऱ्यांबरोबर बैठक घेऊन ठरवले की मनाईचा हुकूम कागदावर राहू द्यायचा, पण लष्कराने खाणवाल्यांना यापुढे अडवायचे नाही. उलट लाकोटांनाच ३१ जानेवारी १८७६ पर्यंत सरकारी ठाण्यांवर हजर होण्याचे फर्मान निघाले. न येणारे शत्रू समजले जाणार होते.

डेडवुडचे पहिले वर्तमानपत्र याच वर्षी, जून १८७६ मध्ये निघाले. त्याचे नाव 'ब्लॅक हिल्स पायोनियर'. ते आजही चालू आहे. तारीख लक्षात घ्या: गाव काही आठवड्यांचे होते, तह कायद्याने पूर्ण लागू होता, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला लिटल बिगहॉर्नच्या काठी लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा धुव्वा उडवला. लढाईचा निकाल लागायचा होता, जमीन दुसऱ्याची होती, तरी मंडळींनी स्वतःला 'पायोनियर' म्हणून छापून घेतले होते. पुढे कोणा इतिहासकाराने कृतज्ञतेने दिलेली ही पदवी नाही. ती आल्या आल्या स्वतःच लावलेली पाटी आहे, दुसऱ्याच्या प्लॉटवर रातोरात लावतात तशी.

या गावाला कायदेशीर अस्तित्व नव्हते हे अमेरिकी न्यायालयानेही मानले. ते प्रकरण डेडवुडच्या सर्वांत प्रसिद्ध थडग्याशीच जोडलेले आहे. २ ऑगस्ट १८७६ रोजी पत्ते खेळत बसलेल्या हिकॉकला जॅक मॅक्कॉलने मागून गोळी घातली. खाणकामगारांनी आपसांत न्यायालय भरवले आणि मॅक्कॉलला निर्दोष सोडले. काही काळाने त्याला पुन्हा पकडून यँक्टन इथे रीतसर खटला चालवण्यात आला. एका गुन्ह्यासाठी एकाच माणसावर दोनदा खटला चालवता येत नाही, हे अमेरिकी कायद्याचे मूलतत्त्व आहे. ते इथे आड का आले नाही? कारण डेडवुड इंडियनांच्या प्रदेशात होते. तिथल्या गोऱ्या वस्तीला न्यायालय भरवण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून पहिला खटला झालाच नाही असे धरले गेले. मॅक्कॉलला १ मार्च १८७७ रोजी फाशी दिली. त्याच्या आदल्या दिवशी, २८ फेब्रुवारीला, ब्लॅक हिल्स ताब्यात घेणारा कायदा अमलात आला. त्या कायद्याला आधार म्हणून जो 'करार' दाखवला गेला त्यावर तीन चतुर्थांश सोडाच, सुमारे दहा टक्के प्रौढ पुरुषांच्याही सह्या जेमतेम होत्या.

तेव्हा ऑगस्ट १८७६ मध्ये हिकॉकला ज्या मातीत पुरले, ती त्याच्याच देशाच्या कायद्यानुसार परक्याची होती. त्या वर्षी मेलेला डेडवुडचा प्रत्येक 'पायोनियर' हा घुसखोर म्हणून मेला. हा शब्द मी रागाने वापरत नाही. यँक्टनच्या न्यायालयाच्या निकालातून तो आपोआप निघतो. पुढे १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन योग्य मोबदल्याविना घेतली गेली असा निकाल दिला आणि व्याजासकट दहा कोटी डॉलरांहून अधिक भरपाई मान्य केली. सू राष्ट्रांनी ती घेतलेली नाही. जमीन विकलेली नव्हती, ती परत हवी, असे त्यांचे म्हणणे. सरकारी खात्यात पडून ती रक्कम वाढत वाढत एक अब्ज डॉलरांच्या पलीकडे गेली आहे. हे लोक अमेरिकेतल्या सर्वांत गरीब वस्त्यांपैकी काहींत राहतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नकाराचे वजन कळते.

आता फाटकाच्या आत जाऊ, कारण 'पायोनियर' हा शब्द बाहेरच्यांना वगळतो तितक्याच सराईतपणे आतल्यांचीही वर्गवारी करतो.

माउंट मोराया ही डेडवुडची पहिली दफनभूमी नव्हे. पहिली होती इंगलसाइड, उतारावरची, लहानशी. १८७६ मध्ये मेलेले बहुतेक तिथे पुरले गेले, हिकॉकसुद्धा. दोन-तीन वर्षांत गाव पसरले, घरांना जागा हवी झाली, आणि मेलेल्यांना वर टेकडीवर हलवायचे ठरले. हिकॉकला १८७९ मध्ये समारंभाने हलवले. ज्यांना कोणी विचारणारे नव्हते ते पुष्कळ जण खालीच राहिले आणि त्यांच्यावर घरे उठली. २०१२ मध्ये त्या वस्तीत आधारभिंत बांधताना एका तरुणाचा सांगाडा सापडला. त्याच्या हाडांची शास्त्रीय तपासणी झाली आणि पुढे त्याला माउंट मोरायात सन्मानाने पुरले. चांगले झाले. पण स्वतःच्या पूर्वजांच्या पहिल्या थडग्यांवर तीन वर्षांत घरे बांधणाऱ्या गावाने, आपण मृतांच्या स्मृतीला किती जपतो हे फाटकावर मिरवावे, यातली विसंगती झाकायला 'पायोनियर' हा शब्द फार उपयोगी पडतो.

हिकॉकच्या थडग्याला कुंपण आहे. ते त्याच्या पावित्र्यासाठी नसून पर्यटकांसाठी आहे: आठवण म्हणून दगडाचे टवके काढून नेणाऱ्यांनी त्याची आधीची स्मारके खिळखिळी करून टाकली. दुसऱ्या बाजूला निनावी गरिबांचा तुकडा आहे, ज्यांच्या लाकडी फळ्या केव्हाच कुजल्या. आणि चिनी लोकांचा एक भाग आहे, जो जवळजवळ रिकामा आहे.

चिनी माणसे डेडवुडमध्ये अगदी सुरुवातीला आली. खाणीत काम केले, धोबीखाने चालवले, खाणावळी आणि दुकाने काढली. गाव उभे करण्यात त्यांचा हात कोणाहून कमी नव्हता. तरी फाटकाच्या आतही त्यांची ओळख 'चिनी विभाग' अशीच आहे. आद्यत्व जर केवळ आगमनाच्या तारखेवर ठरत असेल, तर १८७६-७७ मध्ये आलेला चिनी दुकानदार 'पायोनियर' आणि वीस वर्षांनी आलेला गोरा वकील उपरा ठरला पाहिजे. तसे कधी होत नाही. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात प्रवेश बंद करणारा कायदा झाला आणि तो १९४३ पर्यंत टिकला. त्यांना नागरिकत्वही नाकारले होते. त्यांच्या रीतीप्रमाणे काही वर्षांनी अस्थी उकरून मायदेशी, कुळाच्या गावी पाठवल्या जात, म्हणून तो भाग रिकामा आहे. रीत तर होतीच. पण ज्या देशाने जिवंतपणी घर दिले नाही, तिथे मेल्यावर तरी का राहावे, हा प्रश्न रीतीच्या बाहेरचा नाही.

कुंपणाबाहेर मेलेल्यांचे काय?

मैदानी प्रदेशातले लाकोटा मृतदेह पुष्कळदा लाकडी मचाणावर किंवा झाडावर ठेवत, वाऱ्यापावसाच्या स्वाधीन करत. दगड नाही, कुंपण नाही, सन नाही. वसाहत करणाऱ्याच्या नजरेला जिथे थडगे दिसत नाही तिथे कोणी मेले नाही, आणि जिथे कोणी मेले नाही तिथे कोणाची मालकी नाही. आपल्यापैकी बहुसंख्यांना हे चटकन समजायला हवे. आपल्या घरांतल्या मृतांची राख पाण्यात सोडलेली असते. दगड उभा नसल्यामुळे आपण त्या गावचे नव्हतो असे कोणी म्हटले, तर आपण काय म्हणू?

थडगी नव्हती म्हणून या मृतांना कोणी हात लावला नाही असेही नाही. १८६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय खात्याने आपल्या डॉक्टरांना इंडियनांच्या कवट्या वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयाकडे पाठवण्याच्या सूचना दिल्या होत्या. रणांगणांवरून, मचाणांवरून, दफनांतून कवट्या गोळा झाल्या, मोजल्या गेल्या, क्रमांक लावून ठेवल्या गेल्या. हजारो. असे अवशेष मूळ समाजांना परत करणे सरकारी मदत घेणाऱ्या संग्रहालयांना बंधनकारक करणारा कायदा थेट १९९० मध्ये आला. 'पायोनियर सिमेट्री'चा जोडीदार शब्द म्हणून मला 'क्रमांकित पेटी' हा शब्द शेजारी ठेवावासा वाटतो. दोन्हींत त्याच काळातले मृत आहेत.

आणि वूंडेड नी. डेडवुडच्या दक्षिणेला, काही तासांच्या मोटारप्रवासावर. २९ डिसेंबर १८९० रोजी तिथे कस्टरच्याच सातव्या घोडदळाने अडीचशेहून अधिक लाकोटा मारले. त्यांत बायका आणि मुले खूप होती. हिमवादळात प्रेते गोठली. जानेवारीच्या सुरुवातीला मुडद्यामागे दोन डॉलर मजुरीने माणसे लावून १४६ प्रेते एका लांब खड्ड्यात टाकली गेली. १९०३ मध्ये वाचलेल्यांनी आणि नातलगांनी स्वतः तिथे दगड उभा केला. त्याच १९०३ मध्ये कॅलॅमिटी जेनला माउंट मोरायात हिकॉकच्या शेजारी पुरले. एका थडग्याभोवती प्रेमकथा रचली गेली आणि तिची तिकिटे खपली. दुसऱ्याची माहिती द्यायला त्या डोंगरात कोणाला घाई नव्हती.

याला उत्तर देणारे तीन गोष्टी सांगतात. तिन्ही ऐकून घेण्यासारख्या आहेत, म्हणून त्या टाळत नाही.

पहिली: लाकोटाही तिथले मूळचे नव्हेत. खरे आहे. अठराव्या शतकात ते पूर्वेकडून सरकत आले आणि त्यांनी कायोवा, क्रो यांना तिथून हटवले. ब्लॅक हिल्समधून झालेल्या कायोवांच्या स्थलांतराची आठवण स्कॉट मोमाडे यांनी 'द वे टू रेनी माउंटन' (१९६९) मध्ये जपली आहे. पण याने काय सिद्ध होते? त्या भूमीवर एकापाठोपाठ एक अनेक लोक आले, एवढेच. मग 'आद्य' हा शब्द सर्वांत शेवटी आलेल्याला लावणे आणखीच हास्यास्पद ठरते. शिवाय १८६८ चा तह कायोवांनी केलेला नव्हता. तो अमेरिकेने लाकोटांशी केला, आणि मोडला अमेरिकेनेच. लाकोटांचा दावा मोजायचा तर तो ज्यांनी लिहून दिला त्यांच्या कागदावरच मोजला पाहिजे.

दुसरी: त्या थडग्यांतले बहुतेक गरीब होते, कर्जबाजारी, परागंदा, यादवी युद्धातून विटून आलेले, साथीत गेलेली लहान मुले होती, त्यांच्यावर वसाहतवादाचे खापर का? मी फोडतच नाही. खाणीत गाडला गेलेला कॉर्निश मजूर किंवा घटसर्पाने गेलेले पोर यांनी कोणाचा तह मोडला नाही. किंबहुना 'पायोनियर' या पाटीने सर्वांत मोठा अन्याय त्यांच्यावरच केला आहे. पोटासाठी आलेल्या माणसाला मरणोत्तर राष्ट्रनिर्माता करून टाकले, आणि तो उपाशी होता, पळून आला होता, फसवला गेला होता, ही त्याची खरी कहाणी पुसली. माझा वाद मृतांशी नाही. जिवंतांनी त्यांच्या छातीवर जो बिल्ला डकवला, त्याच्याशी आहे.

तिसरी, आणि साहित्याच्या वर्तुळांत सर्वांत जास्त ऐकू येणारी: अनुवादकाने मूळ लेखकाचा शब्द द्यावा, न्यायनिवाडा करू नये. हे मला तत्त्व म्हणून मान्य आहे, आणि म्हणूनच 'आद्य' मला अमान्य आहे. कारण 'आद्य' हा मूळ शब्दच नाही. 'पायोनियर' या शब्दात आधी असण्याचा अर्थ मुळात नाही.

शब्दाचे मूळ पाहा. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ पायदळातला शिपाई, तोही फौजेच्या पुढे जाऊन झाडे तोडणारा, खंदक खणणारा, रस्ता करणारा. त्याच्या मुळाशी पायाचा वाचक असा लॅटिन शब्द आहे. बुद्धिबळातल्या इंग्रजी 'पॉन'चे मूळ तेच. आपल्या कचेऱ्यांतला 'प्यून' त्याच घराण्यातला. आणि फारसीतून आलेले आपले 'प्यादे' हाही त्यांचा लांबचा भाऊ. भारतीय लष्करात आजही 'पायोनियर कोअर' आहे, आणि तिथे त्या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही: पुढे जाऊन मागच्यांसाठी वाट करणारे. पायोनियर म्हणजे ज्याच्या मागून फौज येणार आहे असा माणूस.

यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: बिनी. बिनी म्हणजे सैन्याची आघाडी. तिचा म्होरक्या तो बिनीवाला. पेशवाईत हा मानाचा हुद्दा होता. विसाजी कृष्ण बिनीवाले यांच्या नावात तो आजवर टिकून आहे, आणि 'बिनीचे शिलेदार' हा प्रयोग तर आपण सभासंमेलनांत इतका वापरतो की त्यातले सैन्य आपल्याला दिसेनासे झाले आहे. ते पुन्हा दिसू द्या. 'बिनीवाल्यांची दफनभूमी' म्हणा, आणि वाचकाला ताबडतोब विचारावेसे वाटेल की सैन्य कुठे आहे, ते कोणावर चालून जाते आहे. ब्लॅक हिल्समध्ये उत्तर तयार आहे. खाणवाले पुढे गेले, मागून घोडदळ आले. मूळ शब्दाशी इतका इमान राखणारा पर्याय हाताशी असताना आपण 'आद्य' का घेतो? कारण 'आद्य' ऐकायला सभ्य वाटतो, आणि त्यात सैन्य दिसत नाही.

'फ्रंटियर'चेही असेच आहे. १८९० च्या जनगणनेने अमेरिकेतली वसाहतीची सीमारेषा संपल्याचे जाहीर केले, आणि १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने त्या रेषेवर अमेरिकेच्या घडणीचा सिद्धांत उभा केला. त्याच्या लेखी ती मोकळ्या जमिनीची कड होती. पलीकडे फक्त जमीन. मराठी अनुवादक कधी 'नवप्रदेश' म्हणतो, कधी 'अज्ञात प्रदेश'. साधा 'सरहद्द' म्हणा. सरहद्दीला दोन बाजू असतात आणि दोन्हीकडे माणसे असतात, हे मराठी, पंजाबी, बंगाली, काश्मिरी, कुठल्याही वाचकाला शिकवावे लागत नाही. डेडवुड हे सरहद्दीवरचे, आणि खरे तर सरहद्द ओलांडून पलीकडे वसवलेले गाव होते.

बहुभाषक भारतीय वाचकाला हा वाद दूरच्या देशातला वाटू नये म्हणून एकच उदाहरण देते. कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी १७६७ ची. कंपनीचे नोकर, त्यांच्या तरुण बायका, त्यांची अर्भके तिथे आहेत. 'शाकुंतला'चे इंग्रजी भाषांतर करणारे विल्यम जोन्स तिथे आहेत, आणि कोलकात्यातच जन्मलेले कवी डेरोझिओही. माणसे तशीच: दूरदेशी आलेली, तापाने मेलेली, घराकडे परत न गेलेली. काळ डेडवुडच्या शंभर वर्षे आधीचा. तरी त्या जागेला कोणी 'पायोनियर सिमेट्री' म्हणत नाही. का? १९४७ झाले म्हणून. जमिनीचे दप्तर या लोकांच्या वारसांकडे राहिले नाही, म्हणून त्यांची थडगी 'युरोपियनांची थडगी' झाली. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत दप्तर वारसांकडेच राहिले, म्हणून तिथे तीच थडगी 'पायोनियरांची'. शब्द मेलेल्यांवरून ठरत नाही. जमीन आज कोणाकडे आहे यावरून ठरतो. वसाहतीखालून निघालेल्या देशातल्या भाषांनी हा फरक विसरून दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर 'आद्य' अशी नोंद करून द्यावी, याची मला चीड येते.

डेडवुडने १९८९ मध्ये जुगार कायदेशीर केला. त्याच्या उत्पन्नातला वाटा गावाच्या ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाकडे जातो. इतिहास जपायला पैसा लागतो, तो कुठून येतो याबद्दल मी नाक मुरडणार नाही. परंतु जपला जातो तो कोणता इतिहास, हे तिथली पाटी ठरवते, आणि पाटी शब्दांची असते. तिथली पाटी बदलणे माझ्या हाती नाही. मराठीतली आहे.

म्हणून अनुवादकांना, संपादकांना, कोशकारांना माझे सांगणे: 'पायोनियर सिमेट्री' समोर आली की 'आद्य' आणि 'प्रवर्तक' बाजूला ठेवा. 'बिनीवाल्यांची दफनभूमी' म्हणा. फार खडबडीत वाटले तर 'गोऱ्या वसाहतकारांची जुनी दफनभूमी' म्हणा, ते निदान खरे आहे. आणि जिथे मूळ लेखकाने हा शब्द अभिमानाने वापरला आहे तिथे 'पायोनियर' तसाच ठेवा, अवतरणचिन्हांत, त्याचा अभिमान त्याच्यापाशी. त्याला आपल्या भाषेचे कपडे चढवू नका.

५ सप्टेंबर १८७७ रोजी, हिकॉकच्या मृत्यूनंतर तेरा महिन्यांनी, लाकोटांचा सेनानी क्रेझी हॉर्स फोर्ट रॉबिन्सन इथे सैनिकांच्या ताब्यात असताना संगिनीने मारला गेला. आईबापांनी त्याचा देह नेला आणि कुठे ठेवला ते सांगितले नाही. आजतागायत ती जागा जगाला माहीत नाही. तिथे पाटी नाही, सन नाही, तिकीट नाही, आणि दगडाचा टवका काढून नेणाराही कोणी नाही. त्या जागेसाठी अनुवादकाला कोणताच शब्द शोधावा लागत नाही. पण ती आहे, आणि 'आद्य' लिहिताना ती मोजलीच पाहिजे.